साणें कोणीं उघडावें?

गेल्या वैशाखांतील एका दुपारची गोष्ट. बाहेर बेचाळीस अंशांचें ऊन होतें, आणि सोलापुरास उन्हाळ्यांत दुपारीं बारानंतर रस्त्यांवर जी शांतता उतरते ती उतरली होती. मी बैठकीच्या खोलींत वाचीत पडलों होतों. समोरच्या भिंतीवर, जुन्या घड्याळाखालीं, माझ्या मुलानें गुढीपाडव्याच्या सुमारास पुण्याहून आणून बसविलेली एक पांढरी डबी होती. तिच्यावर एक हिरवा दिवा मंद तेवत होता. हिरवा दिवा याचा अर्थ घरांतील हवा चांगली आहे. माझ्यापुरती ती चांगली होतीहि. तासाभरानें पाणी प्यावें म्हणून उठलों आणि स्वयंपाकघराचें दार लोटलें, तों तिखट धुराचा लोट अंगावर आला. आमच्याकडे स्वयंपाकास येणाऱ्या मावशी वर्षाच्या काळ्या तिखटासाठीं मिरच्या आणि मसाला भाजीत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, पदराचा बोळा तोंडाशीं धरलेला होता, आणि खोकल्यानें त्यांना बोलवत नव्हतें. भिंतीवरचा धूर ओढणारा पंखा मात्र स्तब्ध होता.

"मावशी, पंखा कां नाहीं लावलात?" मीं विचारलें.

"लागत न्हाई. दोनदा बटण दाबलं. मग भाईर येऊन बघितलं, तर त्यो दिवा हिरवा हुता. मला वाटलं, हवा चांगलीच हाय. मलाच हुतंय काय तरी."

उलगडा व्हावयास वेळ लागला नाहीं. बाहेरची उष्णता चाळीस अंशांच्या वर गेली म्हणजे स्वयंपाकघराचा पंखा बंद ठेवावा, असा नियम मुलानें यंत्रास घालून दिला होता. कारण आंतली हवा बाहेर फेंकली कीं तिच्या जागीं तितकीच तापलेली हवा फटींतून आंत शिरते. नियम वाजवी होता. आंतली हवा बिघडली तर हा नियम मोडावा, असेंहि त्यानें यंत्रास सांगून ठेवलें होतें. परंतु हवा बिघडली कीं नाहीं हें ठरविणारी डबी बैठकीच्या खोलींत होती, आणि माझ्या वाचनास त्रास होऊं नये म्हणून मावशींनीं मधलें दार आपण होऊन लावून घेतलें होतें. भिंतीवरचें जुनें बटण जागच्या जागीं होतें, पण त्याचा अधिकार काढून घेतलेला होता. पंखा चालविण्याची सत्ता आतां दोन मोबाईलांत होती. एक माझ्या खिशांत, दुसरा पुण्यास. यंत्राच्या हातून कोणतीच चूक झाली नव्हती. त्याला जें सांगितलें होतें तेंच त्यानें केलें होतें.

मीं पंखा लावला आणि दहा मिनिटांत स्वयंपाकघर निवळलें. पण "मलाच हुतंय काय तरी" हें वाक्य माझ्या मनांत घुमत राहिलें. डोळ्यांतून पाणी वाहत असतांना एका शहाण्या, अनुभवी बाईनें स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखविला आणि भिंतीवरच्या दिव्यावर विश्वास ठेवला. मी तर त्याच दिव्याच्या भरंवशावर स्वस्थ पडलों होतों. यंत्र नसतें तर तासाभरांत एकदां तरी मीं आंत डोकावून पाहिलें असतें काय? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर तेंहि मला छातीवर हात ठेवून सांगतां येत नाहीं. आणि म्हणूनच हा प्रश्न यंत्राचा नसून माझा आहे, असें मला वाटूं लागलें. घरांत वारा खेळता ठेवण्याचें काम आपण यंत्राकडे सोंपवितों, तेव्हां नेमकें काय सोंपवितों? त्या कामांतले श्रम, कीं त्या कामांत गुंतलेलें लक्ष?

छांदोग्य उपनिषदांत इंद्रियांच्या भांडणाची एक कथा आहे. आपणांत श्रेष्ठ कोण, असा वाद पडला. तेव्हां वाणी, डोळा, कान, मन अशीं एकेक जण वर्षभर शरीर सोडून गेलीं. शरीर मुकें झालें, आंधळें झालें, बहिरें झालें, अजाण झालें, पण जगलें. शेवटीं प्राण निघावयास लागला, आणि त्याच्याबरोबर सर्वच इंद्रियें मुळापासून उखडूं लागलीं. प्राणाचें श्रेष्ठत्व सर्वांनीं मान्य केलें, पण तो जाऊं लागल्यावर! हवेचें सगळें तत्त्वज्ञान या एका गोष्टींत आहे. जी वस्तु क्षणभरहि नसून चालत नाहीं, तिच्याकडे आपलें लक्ष सर्वांत शेवटीं जातें. म्हणून त्या लक्षाची व्यवस्था करणें हें प्रत्येक काळांत, प्रत्येक घरांत, कोणा ना कोणाचें काम असतें.

माझें बालपण सोलापूर जिल्ह्यांतल्या एका धाब्याच्या घरांत गेलें. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर माती चोपून केलेलें माळवद, आणि बाहेरच्या अंगाला खिडकी जवळजवळ नाहींच. अशा घरांत उजेड आणि वारा यावा म्हणून माळवदास एक चौकोनी भोक ठेवलेलें असे. त्याला कोणी साणें म्हणत, कोणी सवणें. पहांटे कोणी तरी शिडीनें वर जाऊन तें उघडी. ऊन डोक्यावर आलें कीं त्यावर झांकण सरकवी. तिन्हीसांजेला चुलीचा धूर कोंडूं लागला कीं तें पुन्हां उघडावें लागे. मृगाचें आभाळ भरून आलें म्हणजे आजी ओसरीवरून हांक मारी, "साणं झाका रे!" आणि आम्हां मुलांत वर धांवण्याची शर्यत लागे. आजीला उष्णतामापक ठाऊक नव्हता. वाऱ्याची झुळूक कोणत्या दिशेनें आली, मातीचा वास कसा आला, धूर साण्याकडे वळतो आहे कीं खालींच लोळतो आहे, एवढ्यावर तिचें गणित चाले. घरांतलें तान्हें मूल कोणत्या कोपऱ्यांत निजलें आहे, दम्याचे आजोबा कोणत्या कुशीवर आहेत, हेंहि त्या गणितांत धरलेलें असे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर त्या घराची संपूर्ण नियंत्रणव्यवस्था आजी होती.

परंतु या चित्राला फार सोनेरी मुलामा चढवावा असें मला वाटत नाहीं. साणें कितीहि वेळेवर उघडलें तरी चुलीपाशीं बसणारीच्या डोळ्यांत धूर जाई तो जाईच. त्या धुरानें किती बायकांचीं फुफ्फुसें पोखरलीं याचा हिशेब त्या काळीं कोणीं ठेवला नाहीं. शिवाय आजीचें लक्ष म्हणून मी ज्याचें कौतुक करतों आहें, तें तिनें स्वतः निवडलेलें नव्हतें. घरांतल्या एका माणसानें सर्वांच्या श्वासाची काळजी अहोरात्र वाहावी आणि बाकीच्यांनीं निश्चिंत निजावें, ही वाटणी न्यायाची होती असें कोण म्हणेल?

श्रमाच्या बाजूनें पाहिलें तर यंत्राचे उपकार याहूनहि मोठे आहेत. इंग्रजी अमदानींत कचेऱ्यांतून, न्यायालयांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून छताला झालरीचा लांबच लांब पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीच्या भोकांतून बाहेर ओसरीवर जाई, आणि तेथें पंखेवाला ती दोरी तासन्‌तास ओढीत बसे. आंतल्या माणसाला वारा देण्यासाठीं बाहेरच्या माणसानें उन्हांत बसावें, अशी ती रचना होती. दोरी मंदावली तर आंतून शिवी येई. पंखेवाल्याला उकडतें कीं नाहीं हें विचारण्याची रीत नव्हती. विजेचा पंखा आला आणि ही माणुसकीला काळिमा लावणारी चाकरी नाहींशी झाली. कोणत्याहि नीतिवेत्त्याच्या उपदेशानें जें झालें नाहीं तें एका यंत्रानें केलें. तेव्हां जो कोणी यंत्राला सरसकट नांवें ठेवतो, त्यानें आपण त्या दोरीच्या कोणत्या टोकाला बसलों असतों याचा आधीं विचार करावा.

आणि मुलानें आणलेलें यंत्र कांहीं निरर्थक खेळणें नव्हे. पत्नी गेल्यापासून घरांत मी एकटाच. उन्हाळ्यांत मी खिडक्या लावून, थंड हवेचें यंत्र चालू करून निजतों. घरोघरच्या अशा बहुतेक यंत्रांत बाहेरची ताजी हवा आंत येतच नाहीं. खोलींतलीच हवा पुन्हांपुन्हां थंड केली जाते. दोन माणसें बंद खोलींत रात्रभर निजलीं तर त्यांच्या उच्छ्वासांतला कार्बन डायऑक्साइड, ज्याला आमच्या वाडवडिलांच्या पाठ्यपुस्तकांत कर्बाम्ल वायु म्हणत, साठत जातो. मोकळ्या हवेंत त्याचें प्रमाण आज दहा लक्ष भागांत सव्वाचारशें भागांच्या आसपास आहे. बंद खोलींत पहांटेपर्यंत तें दोन हजारांच्या पुढें सहज जातें. सकाळीं डोकें जड होतें, तें कशानें हें कळत नाहीं. भिंतीवरची डबी विशिष्ट लहरींचा अदृश्य प्रकाश हवेंतून पाठवून त्यांतला किती या वायूनें गिळला हें मोजते, आणि प्रमाण वाढलें कीं बाहेरची हवा गाळून आंत घेणारा पंखा आपोआप सुरू करते. निजलेल्या माणसास जागें व्हावें लागत नाहीं. २०२० व २०२१ या महामारीच्या वर्षांनीं कोंडलेल्या हवेचें भय आपणां सर्वांस शिकविलें आहे. सोलापूर हें देशांतील हवेची प्रत न राखूं शकलेल्या शहरांच्या सरकारी यादींतहि आहे. या सर्वांचा विचार करतां मुलाचें करणें योग्यच होतें.

मग बिघडलें कोठें? त्याचें उत्तर शोधूं लागलों तेव्हां मला आमच्या शहराचाच एक जुना धडा आठवला. सोलापुरांत हवेचें शास्त्रशुद्ध नियंत्रण प्रथम घरांत आलें नाहीं, गिरणींत आलें. येथील पहिली कापडगिरणी, जिला पुढें सारे जुनी गिरणी म्हणूं लागले, ती १८७७ सालीं निघाली. मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णु या गिरण्या आल्या. आज त्या सर्व बंद आहेत, पण एके काळीं त्यांच्या भोंग्यांवर हें शहर उठत होतें आणि निजत होतें. कापडगिरणीच्या धंद्याला कोरडी हवा मानवत नाहीं. हवा कोरडी झाली कीं सूत ठिसूळ होतें आणि वारंवार तुटतें. म्हणून विणकामाच्या खात्यांत हवेंत मुद्दाम ओलावा सोडण्याची चाल जगभरच्या गिरण्यांतून पडली, आणि सोडलेला ओलावा निघून जाऊं नये म्हणून वारा कोंडून ठेवण्याचा मोह ओघानेंच आला. हवेचें मोजमाप होत असे. पण तें सुतासाठीं. सूत सुखरूप आहे कीं नाहीं हें पाहिलें जाई. त्याच ओल्या उष्म्यांत दिवसभर उभ्या असलेल्या माणसाचा श्वास मापाच्या बाहेर राही.

पुढें कायद्यानें ही दृष्टि बदलण्याचा प्रयत्न केला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तेराव्या कलमानें कामगारास पुरेशी ताजी हवा आणि सुसह्य उष्णतामान मिळालें पाहिजे असें बंधन घातलें, आणि पंधराव्या कलमानें कृत्रिम ओलाव्यावर नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. म्हणजे झालें काय? यंत्र तेंच, वाफ तीच, उष्णतामापकहि तोच. बदलला तो प्रश्न. 'सुताला काय हवें?' याच्या जोडीला 'माणसाला काय सोसवेल?' हा प्रश्न उभा राहिला. माझ्या घरांतल्या डबीनें मला अगदीं त्याच जागीं आणून उभें केलें. ती बैठकीच्या खोलींत लावली, कारण ती दिसावयास तेथें शोभत होती आणि मी तेथें बसतों. धूर मात्र स्वयंपाकघरांत होतो, आणि तेथें मावशी असतात. माझ्या घरांतलें सूत मी होतों!

मावशींची थोरली बहीण कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलांत राहते. विडी कामगार बायकांची ही दहा हजार घरांची वसाहत २००६ सालीं उभी राहिली आणि हजारों कुटुंबांना हक्काचें छप्पर मिळालें, ही सोलापूरनें अभिमानानें सांगावी अशी गोष्ट आहे. पण ती बहीण दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, आणि सुपांतली तंबाखू उडूं नये, पानें वाळूं नयेत, म्हणून पंखा बंद ठेवते. तिच्या घरीं पंखा आहे, खिडकी आहे, बटणहि तिच्याच हातीं आहे. तरी तिचा श्वास तिच्या ताब्यांत नाहीं, कारण तिची मजुरी विड्यांच्या संख्येवर ठरते. हवा कोणाच्या मालकीची नाहीं असें आपण म्हणतों. तें खरें आहे. परंतु कोणाच्या वांट्याला कोणती हवा यावी, हें मात्र नेहमींच कोणी तरी ठरवीत असतें.

येथून प्रश्न अधिक खोल जातो. 'चांगली हवा' म्हणजे काय, हें तरी यंत्राला कोणीं सांगितलें? म्यूनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर नांवाच्या आरोग्यशास्त्रज्ञानें १८५८ सालीं असें मांडलें कीं, राहत्या खोलींत कर्बाम्ल वायूचें प्रमाण हजारांत एक भागाहून अधिक असूं नये. तो वायु त्या प्रमाणांत विषारी नव्हे, हें त्याला ठाऊक होतें. माणसांच्या सहवासानें हवा किती शिळी झाली आहे याची ती केवळ एक खूण होती. आज माझ्या भिंतीवरची डबीहि दहा लक्षांत हजार भाग हीच सीमा धरते. म्हणजे माझ्या घरांतला पंखा दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या एका जर्मन माणसाच्या मताप्रमाणें फिरतो! सूक्ष्म धुळीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. अति बारीक धूळ वर्षाच्या सरासरीनें घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सांगितलें. आपल्या देशानें २००९ सालीं घालून घेतलेली मर्यादा ४० ची आहे. एकाच हवेला एका मापानें तांबडा दिवा लागेल आणि दुसऱ्या मापानें हिरवा. हिरवा दिवा हें निसर्गाचें वचन नव्हे. तो कोणा माणसांनीं, कांहीं सोयी-गैरसोयी पाहून, दिलेला निकाल आहे. निकाल देणारे लोक तज्ज्ञ आणि सद्‌हेतूचे असतील. तरी तो निकाल आहे, आणि ज्याचे डोळे चुरचुरत आहेत त्याला त्याविरुद्ध दाद मागतां आली पाहिजे.

या डबीविषयीं एक गोष्ट मुलानें मला मागाहून सांगितली, आणि ती ऐकून मी थक्क झालों. अशीं मापकें काळाच्या ओघांत थोडीं चुकूं लागतात. म्हणून त्यांपैकीं पुष्कळांत एक युक्ति बसविलेली असते. गेल्या कांहीं दिवसांत आपणांस आढळलेलें सर्वांत कमी प्रमाण हें बाहेरच्या स्वच्छ हवेचेंच असलें पाहिजे, असें गृहीत धरून तीं स्वतःस दुरुस्त करून घेतात. घराच्या खिडक्या अधूनमधून उघडत असतील तर ही युक्ति बिनचूक चालते. पण ज्या खोलींत खिडकी कधींच उघडत नाहीं, तेथें काय होतें? तेथील त्यांतल्या त्यांत बरी अशी कोंदट हवाच यंत्र स्वच्छ समजूं लागतें, आणि तिच्यावरून पुढचें सारें मोजतें. दिवा हिरवाच राहतो. बाहेरची हवा म्हणजे काय याचा यंत्राला हळूहळू विसर पडतो.

हें ऐकतांना मला यंत्राची कीव आली नाहीं, स्वतःची लाज वाटली. कारण माणसाचें नाक तरी दुसरें काय करतें? कोंदट खोलींत बसलेल्याला पांच मिनिटांत वास येईनासा होतो. बाहेरून येणाराच नाक मुरडतो. नाकाचें जें, तेंच मनाचें. ज्या घरांत, ज्या जातींत, ज्या धंद्यांत आपण वाढतों, तेथली त्यांतल्या त्यांत बरी अवस्था हीच आपण स्वच्छ हवा मानूं लागतों. स्वयंपाकीणबाईला ठसका लागणारच, विडी वळणारीला खोकला असणारच, हीं वाक्यें आपणांस खटकत नाहींत, याचें कारण आपल्याहि आंतलें माप कोंडलेल्या खोलींत दुरुस्त झालेलें असतें. त्यावर उपाय एकच, आणि तो फार जुना आहे. खिडकी उघडून बाहेरची हवा आंत येऊं देणें, आणि बाहेरून आलेल्या माणसानें नाक मुरडलें तर त्याच्यावर न रागावणें.

अजून एक गोष्ट सांगावयाची राहिली. वैशाखाच्या आधींच, चैत्रांतल्या एका रात्रीं मला झोंप आली नाहीं. तीनच्या सुमारास उठून मी बैठकीच्या खोलींत येऊन बसलों. सकाळीं आठ वाजतां पुण्याहून मुलाचा फोन. "बाबा, रात्रीं तीनपासून पांचपर्यंत तुम्ही बाहेरच्या खोलींत होता का? बरं नाहीं वाटत का?" माझ्या श्वासानें डबीवरची रेषा वर चढली होती आणि ती रेषा दोनशें पन्नास किलोमीटरवर त्याच्या हातांतल्या कांचेवर उमटली होती. त्याच्या आवाजांत काळजी होती, आणि ती काळजी ऐकून मला बरें वाटलें, हें मी नाकारीत नाहीं. परंतु फोन ठेवल्यावर मनांत कांहीं तरी खुपत राहिलें. मी कां जागा होतों हें मुलाला सांगावें कीं सांगूं नये, हें ठरविण्याची संधि मला मिळालीच नव्हती. भिंतीनें तें आधींच सांगून टाकलें होतें.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां दाट वस्तीच्या अंधाऱ्या चाळींत उजेड आणि वारा शिरावा म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनीं छपरांचीं कौलें काढविलीं. पुढच्या वर्षीं पुण्यांत सोजिरांकडून घरें तपासलीं गेलीं. उजेड आणि वारा या वस्तु वाईट होत्या काय? मुळींच नाहीं. पण घरांत येणारा हात परका होता आणि तो विचारून येत नव्हता, म्हणून लोकांना त्या वाऱ्याचीहि चीड आली, आणि त्या क्षोभाचा शेवट कशांत झाला हें सर्वांस ठाऊक आहे. माझ्या प्रेमळ मुलाची आणि त्या अमलाची मी तुलना करीत नाहीं. तशी तुलना करणें कृतघ्नपणाचें होईल. मला एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, हिताची गोष्टहि परक्याच्या हातून, न विचारतां आली तर ती मनाला हितासारखी वाटत नाहीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें ठरविलें. तो हक्क सरकारपुढें मागतांना आपल्याला लाज वाटत नाहीं. पोटच्या मुलापुढें मागतांना मात्र जीभ अडखळते. आणि ती अडखळते म्हणूनच यंत्र बसवितांना ही गोष्ट बोलून ठेवणें अधिक अवश्य आहे.

या सर्व विचारांतून मी कोठें येऊन पोंचलों? यंत्र काढून टाकावें, अशा निर्णयाला मी आलों नाहीं. श्रम यंत्राकडे जावेत, यांतच माणुसकी आहे. पंखेवाल्याच्या हातांत पुन्हां दोरी देण्याची इच्छा करणें हें पाप होय, आणि आजीला पुन्हां शिडीवर चढविणें हेंहि. परंतु लक्ष ही वस्तु श्रमासारखी दुसऱ्याच्या अंगावर टाकतां येत नाहीं. आपण टाकली असें वाटतें, तेव्हां ती कोणाच्याच अंगावर पडलेली नसते. पूर्वीं आजीचें लक्ष होतें, कारण तिच्यावर तें लादलेलें होतें. आज यंत्रानें त्या लादलेल्या ओझ्यांतून घरांतल्या बाईची सुटका केली असेल, तर उरलेलें लक्ष सर्वांनीं वांटून घ्यावयास हवें. यंत्र आलें म्हणून आतां कोणींच पाहावयाचें नाहीं, असा जर आपण अर्थ केला, तर आजीच्या घरापेक्षां आपलें घर अधिक निष्ठुर होईल.

आषाढींत मुलगा आला तेव्हां मीं त्याला सारी हकीकत सांगितली. तो खजील झाला. मग त्यानें मावशींनाच विचारलें कीं डबी कोठें लावूं. मावशींनीं फार विचार केला नाहीं. "जिथं ठसका लागतो तिथं," त्या म्हणाल्या. आतां दुसरी डबी स्वयंपाकघरांत, पण चुलीच्या वाफेपासून जरा दूर, अशी आहे. भिंतीवरच्या बटणाला त्याचा अधिकार परत मिळाला आहे : माणसाच्या बोटानें पंखा लावला कीं तो लागतोच, मोबाईलाचें, नियमाचें आणि बाहेरच्या उन्हाचें कांहीं एक चालत नाहीं. माझ्या रात्रीच्या रेषा पुण्याला जात नाहींत. पंखा बिघडला तरच तेथें वर्दी जाते. मुलाला हें आवडलें असें म्हणवत नाहीं. "मग तुम्हांला बरं नसलं तर मला कळणार कसं?" त्यानें विचारलें. प्रश्न खरा होता. मी म्हणालों, "मी फोन करीन." त्यानें माझ्याकडे पाहिलें; मी असा फोन आजवर कधीं केलेला नाहीं, हें आम्हां दोघांसहि ठाऊक होतें. त्यानंतर दोनदां मीं तो केला आहे. तो करणें खिडकी उघडण्याइतकें सोपें नाहीं.

रोज पहांटे मात्र मी घराच्या साऱ्या खिडक्या अर्धा तास सताड उघड्या टाकतों. मुलगा म्हणतो, त्यानें यंत्राचें मापहि ठिकाणावर राहतें. सातच्या सुमारास मावशी येतात, आंत जातात, आणि पंख्याचें बटण दाबल्याचा आवाज येतो. दिवा कोणत्या रंगाचा आहे हें त्या आतां पाहत नाहींत.